अक्काची भीती

वरणगाव,
ता. ८ ऑगस्ट १९९४

ती. लीला अक्का हिस, वाल्मीकचा सा. न. वि. वि.

मी इकडे ठीक आहे. सायकलच्या दुकानात काम भरपूर. परवा माल घ्यायला धुळ्यात आलो, पण तुझ्याकडे आलो नाही, राग मानू नकोस. आपल्या कल्पनाच्या खोलीवर गेलो आणि तिथून जड डोक्यानेच बस धरली.

अकरावीच्या तिघी पोरी, मोठे माणूस कोणी नाही. दाराला आतून कडी नाही. घरमालकाचा पुतण्या ट्रकवर असतो, तो पाण्याच्या निमित्ताने केव्हाही आत येतो. मी कडी बसवून देतो म्हटले, तर मालक म्हणाला, माझ्या दाराला भोके पाडायची नाहीत. कल्पना हसली. म्हणाली, दादा काळजीसुद्धा काना-मात्रा तपासून करतो. पारोळ्याची पोरगी मात्र हसली नाही. भिंतीकडे तोंड करून निजून होती. तिला काय विचारावे, कळेना. माझ्या नववीपर्यंतच्या पुस्तकांत ते शब्द नव्हते.

नानांना कळवले तर ते कल्पनाची शाळा सोडवून तिला उजवून टाकतील. भाऊजी गेल्यापासून तू एकटीच आहेस, तुझ्याकडे ठेवावी, तर दिल्या लेकीच्या दारात दुसरी लेक ठेवायची नाही, हे नानांचे जुनेच. तू एकदा जाऊन ये.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
वाल्मीक

धुळे,
ता. २६ ऑगस्ट १९९४

चि. वाल्मीकला अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही वेलांटी चुकवली नाहीस, त्यावरूनच समजले किती घाबरलास ते.

शिवण घेऊन पोरींत जाऊन बसले. हुक लावता लावता बोलायला लागल्या. पारोळ्याच्या पोरीला पोटात दुखते, अंगावरून जाते. त्या पुतण्याने लग्नाचा शब्द देऊन फसवले. लाजेने कंपाउंडरच्या पुड्या खात होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे माझी भाची म्हणून नेली. तो हायवेवरचा, म्हणून एड्सच्या धास्तीने रक्तही तपासले. ते चांगले निघाले, बाकीचे औषधाने बरे होईल. तिच्या आईला बोलावले. रडली, पण पोरीवर हात उगारला नाही. मी मध्येच बसले होते. आईने पोलिसांत फिर्याद दिली तेव्हाही मी बरोबर होते.

मग उरलेल्या दोघींनी जे जे विचारले, ते सगळे सरळ सांगितले. पोरी वाईट नाहीत रे. पण कडी दुसऱ्याच्या हातात आणि विचारायला कोणी नाही, अशा जागी शहाणी पोरही एकटी पडते.

आता ऐक. मी नानांना लिहिले आहे की, मला रात्री एकटीला भीती वाटते, कल्पनाला सोबतीला झोपायला पाठवा. सोबत मागितली तर आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. तिसऱ्या, शिरपूरच्या पोरीच्या घरीही तेच कळवले. पोळ्याला घरी गेलास की नाना तुझ्याकडूनच पत्र वाचून घेतील. वाचताना हसू नकोस.

जेवत जा वेळेवर, आणि माया आहे तशी राहू दे.
तुझी अक्का

वरणगाव,
ता. ८ सप्टेंबर १९९४

ती. अक्काच्या पायी सा. न. वि. वि.

बैल ओवाळून झाल्यावर नानांनी तुझे पत्र पुढे केले. तू 'भीती'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व काढली आहेस. ज्याची ओळख नाही, तो शब्द चुकणारच. मी मोठ्याने वाचले. माय पदर तोंडाला लावून घरात गेली; खळ्यातला नाग फावड्याने उचलून टाकणारी तूच, हे ती विसरलेली नाही. नानांनी मात्र पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "लिली एकली घाबरस. पोरले आजच धाड."

कल्पनाची पेटी मीच तुझ्याकडे पोचवली, तेव्हा तू दवाखान्यात त्या पोरीला घेऊन गेली होतीस. तुझ्या दाराची कडी आतून लावून पाहिली. अक्का, मी महिनाभर नुसती चिंता करत बसलो असतो. तू उठून गेलीस, आणि कोणाचेही नाव खराब न होऊ देता तिन्ही पोरींना सावरलेस. मला हे जमले नसते.

नानांनी बजावले आहे, लिलीची भीती जाईपर्यंत कल्पनाने तिथून हलायचे नाही. तेव्हा बारावीचा निकाल लागेपर्यंत तेवढी घाबरत राहा.

तुझ्या धाकाखाली सुखी असलेला,
वाल्मीक