स्तंभाला पाणी

५ नोव्हेंबर १९९५, रविवार

आलो एकदाचे नगरला! देवळाली प्रवरेहून टेम्पोत सामान घालून निघालो, तेव्हा दादा ड्रायव्हरशेजारी असे ताठ बसले होते की पलटणच हलते आहे जणू. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण तो ताठपणा काही गेला नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. माझी बदली इथल्या टेलिफोन केंद्रात झाली आणि जागेसाठी मी सावेडी, तोफखाना, झेंडीगेट पालथं घातलं. सगळीकडे आधी चहा, मग आडनाव, मग "अहो, कालच दिली हो खोली!"

आणि मग ही प्रगती वसाहत. भिंगारच्या पलीकडे, जामखेड रस्त्यापासून आत. चीनच्या लढाईनंतर मुंबईच्या कुणा आर्किटेक्टनं बांधलेली. उघडे जिने, सिमेंटच्या जाळ्या, छत्रीसारखी पाण्याची टाकी. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही, नुसतं राखाडी काँक्रीट. लोक हिला कोंडवाडा म्हणतात, मला मात्र बघताक्षणी आवडली. भेगा बऱ्याच आहेत, पण भेगा कुठे नसतात?

चेअरमन राधाकृष्णकाकांनी आडनाव ऐकूनही किल्ली हातावर ठेवली. दादा सैन्यात होते म्हटल्यावर तर उठून हात मिळवला. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली. जेवताना दादा म्हणाले, "प्रज्ञा, मानसं लई चांगली हायेत इथली."

१२ नोव्हेंबर, रविवार

दादांना शहर दाखवायचं म्हणजे लढायांच्या खुणा दाखवायच्या. त्यांना देऊळ नको, बाजार नको. लुनावर मागे बसवून निघाले. रणगाड्यांच्या संग्रहालयात ते एकेका रणगाड्याविषयी मला इतकं सांगत होते की आजूबाजूला माणसं जमली. छावणीतल्या गोऱ्यांच्या दफनभूमीत थडग्यांवरची वयं मी वाचून दाखवली. दादा म्हणाले, ही बी पोरंच हुती की.

मग भिंगारच्या गल्ल्यांत भटकलो. एका आळीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी सापडली. या वस्तीतून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर. पाटीच्या खिळ्याला कुणीतरी शेळी बांधलेली. दादांनी शेळी सोडून बाजूला बांधली आणि रुमालानं पाटी पुसली. शेळीवाली बाई ओरडत आली, तर हे तिला सॅल्यूट करून मोकळे झाले. परतीच्या वाटेवर हसून हसून माझं पोट दुखलं.

आमच्या वसाहतीच्या मधोमधही एक स्तंभ आहे. काँक्रीटचा, खाली रुंद, वर निमुळता. 'शूरांना अभिवादन' एवढंच कोरलंय. कुठल्या लढाईतले, कुठल्या पलटणीचे, दादांनी विचारलं. राधाकृष्णकाका म्हणाले, सगळ्याच लढायांतले.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज वसाहतीनं दादांचा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. त्यांना स्तंभाचे मानद पहारेकरी नेमलं आहे. सकाळ-संध्याकाळ स्तंभावर पाणी घालायचं आणि सलामी द्यायची. पाणी कशाला, असं मी विचारलं. काँक्रीट जुनं आहे, सुकलं की तडकतं, काका म्हणाले.

पाण्यासाठी विजयमालाबाईंनी स्वतःच्या देवघरातला तांब्या आणून दिला. दादांनी तो दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. पहिल्या रजेवर वर्दीत घरी आले होते, तेव्हाही गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही हसत.

आधीचे पहारेकरी बन्सी नावाचे माजी सैनिक होते, आमच्याच घरात राहायचे. ते कुठे गेले म्हटलं तर काका म्हणाले, गेले कुठेच नाहीत, शेवटपर्यंत इथंच होते.

१० डिसेंबर, रविवार

सहा तारखेला दादा बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायला आले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. पहारा सोडता येत नाही म्हणाले. मी चिडले, एकटीच गेले.

खोकला सुरू झालाय. काल बेसिनमध्ये थुंकी पाहिली. राखाडी, आणि बोटाला कचकच लागणारी.

स्वयंपाकघरातली भेग बुजली आहे. मागच्या आठवड्यात तिच्यात माझी करंगळी जात होती. कुणी लिंपली म्हणून विचारलं, तर दादांनाही ठाऊक नाही. जिन्यात भेटणारा जो तो आनंदात. आमच्या हॉलची भेग गेली, आमच्या बाल्कनीची गेली. सगळे दादांना दुवा देतात.

२४ डिसेंबर, रविवार

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, हे सिमेंटच्या कारखान्यात होते का? छाती अर्धी पांढरी दिसत होती. औषध दिलं. त्यांनाच खात्री नव्हती.

दादांचे तळवे दाबून दिले. खरखरीत, थंड, जिन्याच्या पायरीसारखे. माझा हात आहे हे त्यांना कळलंच नाही.

१ जानेवारी १९९६, सोमवार

दर वर्षी आजच्या दिवशी आम्ही भीमा-कोरेगावला जातो. मी लहान असताना दादा मला खांद्यावर घेऊन तिथल्या विजयस्तंभापाशी उभे राहायचे. आजही निघालो. वसाहतीच्या फाटकापर्यंत ठीक होतं. तिथं त्यांचे पाय थांबले. मी आधी समजावलं, मग हात धरून ओढलं. ते असे ओरडले, की मी घाबरून हात सोडला. डांबरावर त्यांच्या तळव्यांखालून राखाडी भुकटी सांडली होती.

"मी ड्युटीवर हाय पोरी," ते म्हणाले, आणि वळून पुन्हा स्तंभाकडे गेले. गॅलरीतून माणसं बघत होती. कुणी खाली आलं नाही.

१४ जानेवारी, रविवार

विजयमालाबाई तिळगूळ घेऊन आल्या. मी दार लावून घेतलं आणि विचारलं, माझ्या वडिलांना काय झालंय? त्या जराही बिचकल्या नाहीत. चहा मागितला आणि घोट घेत घेत सांगितलं.

वसाहत बांधताना मधल्या इमारतीच्या पुढच्या भागाचा स्लॅब कोसळला. खाली मजूर अडकले. ढिगारा उपसला असता तर बाकीचंही पडलं असतं, म्हणून वरून काँक्रीट ओतलं. आत माणसं बोलत होती तेव्हाच. वर स्तंभ उभा केला. लढाईचे दिवस, शूरांचं स्मारक म्हटल्यावर कोण काय विचारणार? पण आतली माणसं वसाहत पेलायला पुरत नाहीत. काही वर्षांनी भेगा पडायला लागतात, आणि मग आणखी एक लागतो.

मी म्हटलं, माझे वडीलच का?

"तुमच्या मागं विचारायला कोण येणार आहे, बाळ?" त्या खरोखरच मायेनं म्हणाल्या. "आणि आम्ही जबरदस्ती करत नाही गं कुणावर. मान देतो. तेवढ्यावर तुमची माणसं आपणहून उभी राहतात. माझी नातवंडं याच छपराखाली झोपतात, मी तरी काय करू?"

कप तसाच ठेवून गेल्या. मी तो फोडला.

२१ जानेवारी, रविवार

चौकीत गेले. म्हातारा घरी आहे ना, मग तक्रार कसली, असं विचारून पोलीस हसले. ऑफिसातल्यांना जागेसाठी पुन्हा विचारलं. सगळ्यांना वाईट वाटलं. जागा कुणाकडेच नाही.

दादांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, ठाऊक हाय. आत कुनीतरी हजेरी घेतं, रोज ऐकू येतं. त्यात बन्सीचं बी नाव येतं.

मी म्हटलं, चला, रांगत चला, मी पाठीवर घेते. तर म्हणाले, सव्वीस जानेवारी होऊ दे. सलामी मला द्यायचीय. इतक्या लोकांत कधी कुनी बोलावलं हुतं का मला?

मला त्यांचा राग आला. अजून येतोय.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन झालं. दादा पदकं लावून स्तंभाला पाठ टेकून उभे होते. राष्ट्रगीत संपलं, सगळ्यांनी हात खाली घेतले. त्यांनी घेतला नाही.

मी तो हात धरला. कोपरात वाकेना. डोळे माझ्याकडे वळले, ओठ हलले नाहीत. टाळ्या वाजल्या. मग घराघरांतून बादल्या, कळशा आल्या. रांग लागली. मी मध्ये उभी राहिले, तर मला हळूच बाजूला केलं. काका म्हणाले, अजून कच्चं आहे, पाणी पडू दे.

जो येतो तो त्यांच्यावर पाणी ओततो. शहरात ज्यांनी मला जागा नाकारली, त्यांचे इथले पाहुणेही. सगळे पाणी घालतायत माझ्या बापाला—

२७ जानेवारी

स्तंभावर पदकं दिसत नाहीत. खांदा होता तिथं नुसता फुगवटा. स्तंभ रुंद झालाय.

कान लावला. दादा आत आहेत. "पानी" म्हणतात. सारखं पानी—

कसं देऊ? दिलं की घट्ट होतात. नाही दिलं तर तहानेनं ओरडतात. मी दोन्ही कान झाकून बसले. पुन्हा बादल्या आल्या.

२८ जानेवारी, रविवार

समोर रस्त्याचं काम चालू आहे, तिथून पहार आणली. सकाळपासून घाव घालते आहे. कुणी अडवत नाही. नुसते गोल करून उभे आहेत, कळशा कडेवर.

एक टवका उडाला. आत बोट. हललं. कोमट आहे—

मधल्या इमारतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. वरच्या मजल्यावर मुलं रडतायत. त्यांना खाली आणायला कुणी जात नाही. मी ओरडून सांगितलं, पोरं खाली आणा. कुणी हलत नाही. त्यांना माहीत आहे मी थांबेन.

दादा बोलले. स्पष्ट. "वर पोरं हायेत. थांब प्रज्ञा."

थांबले आहे. हात सोलून निघालेत म्हणून. तेवढ्यासाठीच. पायथ्याशी बसून हे लिहितेय, कुणीतरी वाचावं म्हणून. दादा, पोरं मलाही दिसतायत. पण तुम्ही कायम थांबत आलात. मी नाही—

दुसरा घाव बोटाच्या वरच्या बाजूला घालायचा. मनगट मोकळं झालं तर ओढता—

पाठीवर पाणी. थंड. कुणी ओत—

विजयमालाबाई. खांद्यावर हात ठेवलाय. म्हणतात, झालं गं, आता हलू नकोस, बा