बनियनला लागलेला कापूस

रविवार, संध्याकाळ

विनयचं तोंड पाहू नये असं वाटतंय. सकाळी मैदानावर आम्ही पळणारे शंभर किलोमीटरच्या शर्यतींची थट्टा करत होतो. "नखं गळेपर्यंत पळाचं कायले?" कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मागच्या महिन्यात मी पांढरकवड्याहून यवतमाळपर्यंत पळत आलो.

विनय म्हणाला, "त्या दिवशी तुह्या बनियनले कापूस लागून होता. ट्रकात बसून आलता काय?"

सगळे हसले. मी त्याची कॉलर धरली. आईची शपथ घेतली. कापूस काय, रस्त्यावर उडतच असतो...

पण बसलो होतो. पायात गोळे आले, कापसाचा ट्रक थांबला, शेवटचे आठ किलोमीटर बसूनच आलो.

पळायला मला विनयनंच शिकवलं. आता त्याच्याशी बोलायचं नाही. बोललो तर खरं सांगावं लागेल.