मस्कतची उधारी

देवीलाल भाऊजी,

मस्कतमध्ये बसून तुम्ही आमच्या दारूबंदीच्या क्रांती सेनेले उधार पैसे दिले, हे साऱ्या तांड्याले माहीत आहे. कायले दिले, हे फक्त मले माहीत आहे. आम्ही नाल्यापलीकडच्या भट्ट्या फोडाव्या आणि तिथलं गिऱ्हाईक तुमच्या भट्टीवर यावं, असा तुमचा हिशेब होता.

त्या पैशात आम्ही पिकअप गाड्या भाड्यानं केल्या आणि आर्णीकडच्या तांड्यांतल्या बायका आणल्या. दिवस धुळवडीचा निवडला. आपल्या बंजाऱ्यायत त्या दिवशी बायका गड्यायले काठीनं झोडपतात आणि मार खाऊनही गड्याले हसाच लागते. नाल्यापलीकडचे भट्टीवाले हसत हसत पळाले, त्यायच्या भट्ट्या फुटल्या. मंग आम्ही तशाच तुमच्या भट्टीवर गेलो. तुमची भट्टी सांभाळणारा शाम म्हणे, "वहिनी, पैसा तर देवीलालचाच आहे ना?"

"म्हणून तर पिकअपनं आलो. नाही तर पायी आलो असतो," मी म्हटलं, आणि पहिली काठी त्याच्या पाठीवर बसली.

बायकांचा मार खाल्ल्याचं शाम तुमाले कोणत्या तोंडानं सांगन? तुमच्या भट्टीचे ड्रम आम्ही भंगारात इकले आणि त्यातूनच तुमचा पहिला हप्ता धाडला. काल तुमचा फोन आला. वहिनी व्यवहाराले पक्की आहे म्हणाले, आणि आणखी पैसे धाडतो म्हणाले.

ते पैसे येईपर्यंत हे पत्र गव्हाच्या कोठीत राहीन. पुढची भट्टी तुमच्या सासऱ्याची आहे.

तुमच्या भरवशावर उभ्या सेनेची,
धुरपता वहिनी