बोललं की वाल फुटतात

आई, मला सकाळची भीती वाटते. हसू नकोस. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आता माझी मुलगी सातवीत आहे, सरकारी कचेरीत नोकरी आहे, अलिबागला दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर आहे. तरी डोळे उघडले की आधी छातीत धडधड सुरू होते. काय राहिलं, काय चुकलं, कुणाचा फोन येणार, साहेब काय बोलणार. गॅसवर दूध, मुलीची वेणी, डबा, नळाला पाणी आलंय ते भरायचं, खाली शाळेची रिक्षा भोंगा वाजवत उभी, आणि मी हातात उलथनं घेऊन घरभर ओरडत फिरतेय. मुलीचे बाबा आठवडाभर कामाच्या गावी, म्हणजे ओरडून घ्यायला समोर ती एकटीच. एकदा मोजे सापडेनात म्हणून मी इतका आरडाओरडा केला की शेजारच्या काकू विरजण मागायच्या निमित्ताने डोकावून गेल्या. मोजे तिच्या पायातच होते.

मग कचेरीत एकदा चक्कर आली आणि डॉक्टरांकडे गेले. मुलगी बरोबर होती, स्टुलावर पाय हलवत बसलेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला बीपी होतं का? मी म्हटलं, आईला होतं, आम्हाला कळलंच नाही, एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली ती. डॉक्टर म्हणाले, गोळी लिहून देतो, पण ताई, सकाळ जरा शांत ठेवा. जसं काही शांत सकाळ बाजारात जुडीवर मिळते! पण घाबरले होते ना, लागले मागे. सकाळी उठून फोन बघू नका असं सांगणारे व्हिडिओ मी सकाळी उठून फोनवर बघायला लागले. कोमट पाण्यात लिंबू घेतलं, पित्त झालं. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला बसले, तर लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे. दूध तर त्या आठवड्यात जितक्या वेळा उतू गेलं तितक्या वेळा वर्षात गेलं नसेल. शांत व्हायचं म्हणून मी आणखीच धावत होते, आणि ते माझं मलाच दिसत होतं.

तेव्हा तू आठवलीस. आपलं पालीकडचं घर, मागची पडवी, आणि उजाडायच्या आधी तिथे पाटावर बसलेली तू. पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं, त्यात फडक्यात बांधून मोड आणलेले कडवे वाल. तू एकेक वाल चिमटीत धरतेस, अंगठ्याने जरा दाबतेस, आणि साल हातात राहून पांढरी डाळिंबी पाण्यात पडते. ना घाई, ना आवाज. वालांचं बिरडं करायचं नसेल त्या दिवशी सुपात तांदूळ घेऊन खडे बघत बसायचीस, पण बसायचीस नक्की. मी डोळे चोळत येऊन काही विचारायला तोंड उघडलं की तू मान न वळवता म्हणायचीस, "गप ऱ्हा गं बाय. बोललं का वाल फुटतात." आणि मी गप्प. तुझ्याजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. कधी कधी सगळे वाल सोलून झाले तरी तू उठायची नाहीस, सोललेलेच पाण्यात पुन्हा पुन्हा चाळवत राहायचीस. मला वाटायचं, केवढा धीर आहे आईला! मग कधीतरी तू पदराला हात पुसून उठायचीस, चुलीत फुंकर घालायचीस, "चला, तोंडं धुवा" म्हणायचीस, आणि थोड्या वेळाने बाबा रात्रपाळी करून दारात यायचे. तेवढी शांत सकाळ मी परत कधी पाहिली नाही.

म्हणून मी ठरवलं, मी पण वाल सोलणार. एरवी मी बाजारातल्या भाजीवालीकडून सोललेले वाल आणते, वेळ कुणाला आहे! पण आता रीतसर वाल आणले, भिजवले, मोड आणले. लवकर उठून ओट्याशी खुर्ची घेऊन बसायला लागले. आणि मुलीला सांगून टाकलं, रिक्षा येईपर्यंत या घरात कुणी बोलायचं नाही. तिने विचारलं, का? मी म्हटलं, बोललं की वाल फुटतात. खरं सांगते आई, मला ते खरंच वाटत होतं! नोकरीच्या परीक्षा पास झालेली बाई मी, पण ते तू सांगितलेलं, त्याला कधी तपासून बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. पोरगी ऐकायला लागली. आपली वेणी आपण घालायला लागली, मोजे आपले आपण शोधायला लागली, पावलं न वाजवता चालायला लागली. घर एकदम गार झालं. बीपीसुद्धा जरा उतरलं. कचेरीत मी टेचात सांगत सुटले, बायांनो, वाल सोला.

ती सकाळी खायची बंद झाली होती ते मला दिसत होतं. भाकरीचा तुकडा ताटात तसाच. पोटावर हात ठेवून खुणेने सांगायची, दुखतंय. मी ओवा द्यायचे आणि वाल सोलायला बसायचे. मग एक दिवस शाळेतून फोन आला. प्रार्थनेच्या वेळी ती रांगेत उभी असताना खाली पडली. मी कशी पोहोचले मला आठवत नाही. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ही काही खाऊन येत नाही का? आणि काही झालंय का घरी? वर्गात सगळ्यात बडबडी होती ही. महिनाभर तोंडातून शब्द नाही." पोरगी बाकावर पडून माझ्याकडे बघत होती, आणि मी विचारलं काय झालं, तर तिने नुसती मान हलवली. आई, मला वाटलं, मी माझ्या हाताने हिला काहीतरी करून बसलेय, आणि काय ते मला कळत नाहीये.

संध्याकाळी पालीला मावशीला फोन लावला. तुझी ही बहीण अजून खणखणीत आहे, ऐकू तेवढं कमी येतं. मी म्हटलं, मावशी, आई सकाळी एवढी शांत कशी असायची? तिने दोनदा विचारून घेतलं आणि मग जी उसळली! "शांत? शांत कसली बाय! भ्यायची ती. तुझ्या बापाच्या कंपनीत भडका उडाला, पाळीतला माणूस भाजून गेला, तू तवा पाळण्यात व्हतीस. तवापासून तिला झोप न्हाय. कंपनीची गाडी फाट्यावर वळताना भोंगा मारायची, तो कानावर आला का मगच ती जागची हलायची." मी विचारलं, "आणि वाल? बोललं की फुटतात ते?" मावशी हसायलाच लागली. "अगो, वाल कवा बोलून फुटतात काय! तुम्ही पोरं कलकलाट करायची, भोंगा ऐकू यायचा न्हाय तिला. आणि हाताला काय तरी नको? न्हायतर थरथरायचे गो हात तिचे."

फोन ठेवला आणि आधी तुझा राग आला. एवढी वर्षं तुझ्या अंगाला टेकून बसत होते मी, सांगितलं का नाहीस? मग वाटलं, काय सांगणार होतीस पोरीला, की तुझा बाप आज येतो की नाही बघतेय? बाबा तर एकाही सकाळी यायचे राहिले नाहीत. म्हातारे होऊन, अंथरुणावर, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. म्हणजे ती सगळी भीती तू फुकटच खाल्लीस, आणि वर ते सोललेले वाल चाळवत राहिलीस. मी ज्याला धीर म्हणत होते तो हा. मला फार रडू आलं, आई.

दुसऱ्या दिवशी मुलगी घरीच होती. मी पातेलं घेऊन जमिनीवर बसले आणि तिला म्हटलं, ये, सोलू लाग. ती आली, गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी म्हटलं, आजपासून बोलायचं. वाल बिल काही फुटत नाहीत, आजी थाप मारायची. ती बराच वेळ एकच वाल दाबत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मला वालांचं काही नव्हतं वाटत. डॉक्टर म्हणाले ना, शांत ठेवा. आणि तू सांगितलंस, आजी सकाळी अशीच गेली. मला वाटायचं, मी बोलले तर तुला काहीतरी होईल, शाळेत बोलले तरी." एवढं बोलून तिने घाबरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही होतंय का ते बघायला.

मी तिला जवळ ओढली ती पातेल्यासकट. पाणी सांडलं, दोघी भिजलो. मी म्हटलं, बोल, काय वाट्टेल ते बोल, मला काही होत नाही. आणि मला पण भीती वाटते गं सकाळी, हेही सांगितलं. तू मला न सांगितलेलं मी तिला सांगितलं. बरोबर केलं की नाही, तूच जाणे. ती म्हणाली, "तुला? कशाची?" मग मी मोजायला लागले आणि तिलाच हसू फुटलं, कारण त्यात साहेबांच्या खालोखाल तिच्या मोज्यांचा नंबर होता. मग जी बोलत सुटली ती भाकरी संपेपर्यंत थांबली नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने, दुधाबरोबर.

सकाळ अजून शांत नाही झालेली, आई. रिक्षाचा भोंगा वाजला की छातीत धडधडतंच, आणि काल उलथनं घेऊन ओरडलेसुद्धा. पण आता तीही ओरडते, "आई, बीपी!" हे लिहिलेलं तुला कुठे पाठवणार, उद्या याच कागदावर साली काढेन. आणि एक सांगते, कुणाला बोलू नकोस. ती समोर बसून बडबडत असते, माझं अर्धं लक्ष तिच्याकडे, बरेच वाल फुटतात, आणि प्रत्येक फुटला की मला वाटतं, आई म्हणत होती ते खरंच असणार. तरी मी तिला गप्प राहा म्हणत नाही.