लाल टोपीतली चिमणी

मी, खाली सही करणारी, समुद्रासमोरच्या लॉजची मालकीण. वय सत्तरीपार. गुडघे गेले, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. यापूर्वी कोणतंही केलेलं नाही.

१. लॉज सामानसुमानासह माझ्या भाचीला. माझी आजारपणं तिनेच काढली. जिन्याजवळची खोली तिने भाड्याने देऊ नये, छत गळतं. पाहुण्यांना खोटं सांगण्याचं काम या गावात पुरेसं झालं आहे.

२. धाकट्या दिरांना माझ्या नवऱ्याची आरामखुर्ची. हे गाव त्यांनी नावारूपाला आणलं, हे मान्य. तेव्हा इथे कुत्रंही फिरकत नव्हतं. पाहुणे नाहीत म्हणून जाहिरातीला फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणून पाहुणे नाहीत. मग भावजींनी गावकऱ्यांनाच पाहुणे केलं. शिंप्याकडून उसने कपडे आणले. बेकरीवाला न्यायाधीश झाला, न्हावी बडा व्यापारी, आणि सगळे वाळूवर छत्रीखाली ऐटीत बसले. पुढे माझी सहा वर्षांची लेक चिमणी, डोक्यावर लाल टोपी, हातात बादली, खळखळून हसणारी.

त्याच वर्षी थंडीत ती तापाने गेली. हंगाम उघडला तेव्हा स्टेशनच्या रस्त्यावर त्या फोटोवरून रंगवलेली भलीमोठी पाटी उभी होती. मी म्हटलं, "भावजी, पाया पडते, पाटी उतरवा." ते म्हणाले, "वहिनी, सगळ्या गावाचं पोट आहे हो तिच्यावर." गावाचं पोट भरलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

३. पाटीखालची जमीन नवऱ्यामागे माझ्या नावावर आली. ती जमीन आणि पाटी पेंटरला. खाऱ्या वाऱ्याने रंग उडतो, म्हणून दर काही वर्षांनी तो पाटी नव्याने रंगवतो. पहिल्या वेळी दारात येऊन उभा राहिला. "काकू, आता केवढी झाली असती?" मी दार लावून घेतलं. मग मागच्या दाराने जाऊन त्याला गाठलं. "दहाची. आणि केस लांब झाले असते रे."

तेव्हापासून चिमणी पाटीवर मोठी होत गेली. बादली सुटली, हातात पुस्तक आलं, पुढे चष्मा लागला. पाहुणे एकदाच येतात, त्यांना काय कळणार? विकास समितीवाले पाटीवरची अक्षरं तेवढी बघतात. आता तिच्या कानाजवळ एक पांढरी बट आहे. मी रोज संध्याकाळी तिला बघून येते.

गेल्या हंगामात भावजी पाटीखाली काठी टेकून रडत होते, असं पेंटर सांगतो. म्हणून ती आरामखुर्ची. एरवी फुटकी कपबशीही दिली नसती.

४. समितीला तिथे छापील फलक हवा आहे. तो लावू देऊ नये. माझ्यामागे पेंटरने पाटी एकदाच रंगवावी आणि चिमणीला पुन्हा सहा वर्षांची करावी. लाल टोपी, बादली, पुढचा पडलेला दात. मोठी झालेली चिमणी मला फार आवडली. पण मी जाते आहे ती त्या लहानगीला मांडीवर घ्यायला.

सही: लॉजची मालकीण, चिमणीची आई

आम्हां दोघांच्या समोर बाईंनी वाचून सही केली. पेंटरला वाटा असल्याने तो साक्षीला नाही. बाहेर ओट्यावर बसला आहे.
साक्षीदार: १. डॉक्टर
२. बेकरीवाला (फोटोतला न्यायाधीश)

ठिकाण: लॉजची समुद्राकडची खोली
तारीख: हंगाम उघडण्याचा आदला दिवस