लंगर, फॉलिन आणि आईचं जेवण

बाबा, तुमच्या पश्चात आई सध्या माझ्याकडे पनवेलला असते. तिला आता माणसं नीट ओळखू येत नाहीत आणि जेवण म्हटलं की तोंड फिरवते. मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी, देवाचं नाव घेऊन भरवणं, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. परवा वैतागून मी, तुम्ही पलटणीतून सुट्टीवर आलात की ओरडायचात तशी ओरडले, "लंगर तयार! फॉलिन!" आणि आई पदर सावरत, भिंत धरत पाटावर येऊन बसली.

शाळेत असताना मी तुम्हाला सुनावलं होतं, स्वयंपाकघरात अन्नपूर्णा असते, त्याला लंगर काय म्हणता? नेरे गावच्या आपल्या घरात चुलीपाशी उकिडवे बसून तुम्ही सांगितलंत, "अगं, शिखांच्या गुरुघरचा शब्द आहे हा. तिथं लहानमोठं सगळं एका पंगतीत. पलटणीत त्यांच्याबरोबर आला नि आमचा झाला." 'फॉलिन' इंग्रज साहेबाचा, 'फॉल इन', रांगेत या म्हणून. साहेबाच्याच ड्रिलचं शिपायांनी 'दलेल' केलं, पाठीवर ओझं देऊन पळवायची शिक्षा. ताटात भात टाकला म्हणून आम्हा बहिणींच्या पाठीवर वळकटी देऊन तुम्ही तुळशीभोवती फिरवलंत, तेव्हा आई ओट्यावरून ओरडली, "अवो, पोरी हायत त्या, पलटण नाय!" "तूही फॉलिन!" तुम्ही म्हणालात. एरवी सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी एकटी जेवणारी आई तुमच्या सुट्टीत तुमच्या शेजारी बसायची. शेजारणी चिडवायच्या, "नवऱ्याबरोबर जेवतंय बघा, साहेबीणच जनू!" आई लाजायची, पण उठायची नाही.

हे आठवलं तेव्हा चूक कळली. मी तिला वेगळं बसवून, चमचा घेऊन समोर उभी राहत होते. आता हाक मारते आणि माझंही ताट वाढून तिच्या शेजारी बसते. ती आपल्या हाताने जेवते.

काल जेवताना तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "किती दिसांची सुट्टी हाय?" देव्हाऱ्यात निरांजन जळत होतं. मी, एकही उपास न चुकवणारी बाई, देवासमोर खोटं बोलले, "आता कायमचा आलोय."

तिने आपल्या भाकरीचा पापुद्रा काढून हळूच माझ्या ताटात ठेवला. इतक्या वर्षांत मला तिने असं कधी दिलं नव्हतं. तो तुमचा होता, बाबा. मी खाल्ला.