जिवंत, आणि भूक चांगली

अल्माटी,
एप्रिलचा दुसरा आठवडा

आदरणीय ओरिनबाय मामा,

कामशातचा सलाम. घरची जनावरं आणि माणसं सुखरूप आहेत ना? (क्रम तुमचाच आहे. फोनवर घोडीची चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही मामींवर येऊ देत नाही, म्हणून मीही तोच पाळते.) करड्या घोडीचा खूर भरून आला का? कुल्याश मामींचे गुडघे थंडी ओसरल्यावर बरे झाले असतील, अशी आशा आहे. माझी तब्येत उत्तम आहे. वजन गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे. आईला हे मान्य नाही, पण वजनकाटा माझ्या बाजूने आहे. पत्रास विशेष कारण नाही. बऱ्याच दिवसांत सविस्तर लिहिलं नव्हतं, एवढंच.

आधी एक दुरुस्ती करते. तुमच्या मेर्केच्या बाजारात तुम्ही "कामशात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकते" असं सांगत असता, असं कळलं. गेल्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्यांनी त्यांचा प्रिंटर बसमधून माझ्याकडे पाठवला. मी तो चालू करून दिला (आत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती, आणि ती तिथे कशी गेली हे मी विचारलं नाही), पण तो माझा विषय नाही. माझ्या विषयाचं नाव व्यवसाय तंत्रज्ञान आणि माहिती प्रणाली व्यवस्थापन. सोप्या भाषेत, धंद्यात कुठली गोष्ट कोणाला कळायला हवी, कधी आणि का, हे ठरवायचं, आणि मग ते काम यंत्राकडून करून घ्यायचं. यंत्राचा भाग सोपा असतो. "का" हा भाग चार वर्षं शिकवतात, आणि तरी तो राहून जातो. कसा राहतो, ते आता लिहिते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका खऱ्या धंद्यासाठी प्रणाली बनवावी लागते. जूनमध्ये त्या धंद्याच्या मालकाने समितीसमोर उभं राहून "ही चालते, मी वापरतो" एवढंच म्हणायचं असतं. म्हटलं की पदवी. नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष. वर्गातल्या इतरांनी चष्म्यांची दुकानं आणि टायरची गोदामं धरली. त्यांचं बरोबरच होतं, कारण टायरला नातेवाईक नसतात. मी झौरेशबाईंचा समारंभाचा हॉल घेतला.

तंबूत वीस माणसं जेवायला बसली की कोणापुढे मानाप्रमाणे मेंढ्याचं कुठलं हाड ठेवायचं, हे मामी नुसत्या नजरेने ठरवतात. झौरेशबाईंच्या हॉलमध्ये तीनशे पाहुणे असतात. स्वयंपाकघर एका टोकाला, थाळे घेऊन धावणारी माणसं प्रत्येक हंगामात नवी. मग कमरेचं हाड एखाद्या आजोबांऐवजी त्यांच्या नातजावयासमोर जातं, जावयाचा छातीचा तुकडा बँडवाल्यांकडे पोहोचतो, आणि दोन घराणी पुढचं वर्षभर एकमेकांना फक्त वकिलाच्या आवाजात नमस्कार करतात. हा मला शुद्ध माहितीचा प्रश्न वाटला. पाहुण्याचं वय, नातं, बाजू, लग्न झालंय की नाही, एवढं ठाऊक असलं की हाड ठरतं. प्रणाली प्रत्येक थाळ्याची चिठ्ठी छापेल, वाढपी फक्त टेबल शोधेल. येसेनोव सर (हे माझे मार्गदर्शक, दिवसातून एकदाच हसतात आणि तेही सकाळी उरकून घेतात) म्हणाले, "नियम स्वतः शोधून काढू नकोस. लोकांना विचार."

विचारले. ही माझी पहिली चूक नव्हती, पण सर्वांत लांबलेली होती. तुर्कस्तानकडच्या आजींनी सांगितलेले नियम सेमेयकडच्या आजोबांना दाखवले, तर ते म्हणाले, "हे कोणी सांगितलं? आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा असं वाढत नाहीत." तेच मी (कुत्रा वगळून) आजींना कळवलं, तर त्यांनी विचारलं की सेमेयमध्ये मेंढ्यांना हाडं तरी असतात का. शेवटी जिथे सगळे एकमताने ओरडले, तेवढेच नियम मी पक्के केले. पुढच्या पायाचं ते एक हाड लग्न न झालेल्या मुलीला द्यायचं नाही, नाहीतर ती बापाच्या घरातच म्हातारी होते, हा त्यातला एक. झौरेशबाईंनी तो स्वतः तपासून पाहिला. "पोरी, पाहुणी म्हणून तुझंच नाव घाल बरं त्यात," त्या म्हणाल्या. घातलं. ते हाड आलं नाही. "यंत्राला तुझ्या लग्नाची आशा आहे तर," असं म्हणून त्या आत गेल्या.

दुसरा एकमताचा नियम तुम्हाला माहीत आहेच. मेंढ्याची मुंडी सर्वांत मानाच्या वडीलधाऱ्यापुढे जाते, पण ज्याचे वडील जिवंत आहेत त्याच्यापुढे कधीच नाही. तसं करणं म्हणजे त्याच्या वडिलांना वर पाठवणं. नियम मी लिहिला, तपासला, तो बिनचूक होता. अडचण माहिती भरताना आली. नोंदणीला बसणाऱ्या मुलीने एका पंचाहत्तरीच्या गृहस्थांना विचारलं, "आजोबा, तुमचे वडील हयात आहेत का?" ते गृहस्थ टेबलावरची मिठाईची बशी उचलून घरी गेले. त्या मुलीचं म्हणणं पडलं की हे ती पुन्हा विचारणार नाही, हवं तर मी विचारावं. मी मग विचार केला आणि ठरवलं, की पासष्टच्या वर वय असेल तर तो रकाना विचारायचाच नाही, आपोआप "हयात नाहीत" भरायचा. आकडेवारीच्या दृष्टीने हे अगदी योग्य होतं. (अजूनही आहे.)

पहिला खरा समारंभ मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी झाला. एका मुलीची सासरी पाठवणी होती, मुलीकडचे यजमान, आणि मुलाकडची व्याही मंडळी मानाच्या टेबलावर. पहिले सगळे थाळे इतके अचूक गेले की मी पडद्यामागे उभ्या उभ्या चहा पूर्ण प्यायले. मग मुंडीचा थाळा निघाला. निवेदकाने माइकवरून घोषणा केली, बँडने सूर धरला, आणि थाळा मुलाच्या थोरल्या काकांपुढे, केन्झेबेक यांच्यापुढे, मुंडीचं तोंड त्यांच्याकडे करून ठेवला गेला. वय एकाहत्तर, पाहुण्यांत सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी मुंडीकडे पाहिलं. दोन्ही हात टेबलाखाली घेतले. बँड थांबला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग ते शांतपणे म्हणाले, "माझ्या वडिलांना कधी आणि कुठे पुरलंत, तेवढं सांगा. मातीला तरी आलो असतो."

वडील चौऱ्याण्णव वर्षांचे होते आणि शहराजवळ एसिकला घरी होते. फक्त कंबर धरल्यामुळे लग्नाला आले नव्हते.

झौरेशबाई पडद्यामागे आल्या तेव्हा त्यांचा आवाज फार हळू होता, आणि ते वाईट लक्षण आहे. "पोरी, तुझ्या यंत्राने माणूस मारला." मी म्हटलं, यंत्राने नाही, मी आधीच भरून ठेवलेल्या रकान्याने मारला. "कोणी का मारेना. आता जिवंत कर त्याला. मुलाकडचे कोट घालायला लागलेत." बाहेर मुलीची आई रडत होती, आणि नवरी बसल्या जागेवरून दाराकडे आणि दारातून मोटारींकडे पाहत होती. तिच्या लग्नाचा निकाल एका पासष्टच्या आकड्यावर अडकला होता, आणि तो आकडा मी निवडला होता.

मला गोड बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी केन्झेबेक यांच्यासमोर जाऊन जे घडलं ते क्रमाने सांगितलं. कोणी तुमचा अपमान ठरवून केलेला नाही, यजमानांना यातलं काही माहीत नव्हतं, तुमच्या वयाच्या माणसाला हा प्रश्न विचारायला आम्ही लाजलो आणि उत्तर मी स्वतः लिहून टाकलं. त्यांनी विचारलं, "आणि तू कोण?" मी म्हटलं, विद्यार्थिनी. "कशाची?" मी विषयाचं पूर्ण नाव सांगितलं. ते संपेपर्यंत ते थांबले, आणि म्हणाले, "एवढं मोठं नाव, आणि एक फोन करायला सुचलं नाही?" मी म्हटलं, आता सुचलंय, नंबर द्या.

झुमादिल आजोबा (म्हणजे ज्यांना मी मारलं होतं ते) व्हिडिओवर आधी फक्त एका कानाच्या रूपात दिसले. पणतीने फोन सरळ धरल्यावर पूर्ण दिसले. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मुंडी आता कुठाय?" तुमच्या मुलापुढे आहे. "हात लावला का त्याने?" नाही. "वळण चांगलं लावलंय मी. सकाळपासून इथे मला ओटाची पेज देतात. ती मुंडी इकडे घेऊन ये. थंड करू नकोस." पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसलं, मग केन्झेबेक यांच्या मिशा हलल्या, मग कोट परत खुर्च्यांवर गेले. (हा क्रम मी नोंदवून ठेवला आहे. आधी मिशा, मग कोट.) समारंभातून घरच्यांसाठी काही पाठवायची आपली रीत आहेच; पण पाठवलेल्या पदार्थाने मांडीवरून टॅक्सीत वाटभर माझ्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं, हे मात्र माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. टॅक्सीवाल्याने वाटेत दोनदा विचारलं की आम्ही दोघं, म्हणजे मी आणि मुंडी, एकाच ठिकाणी उतरणार का.

आजोबांनी उशीला टेकून, सुरी मागवून, मुंडी रीतीप्रमाणे कापली. सगळ्यांना दिली. एक कान कापून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, कान लहान मुलांना देतात, मी बावीस वर्षांची आहे. "लहान मुलंसुद्धा मला एवढ्या लवकर पुरत नाहीत," ते म्हणाले. "खा." मी खाल्ला. मग त्यांनी फोन मागवून घेतला, मुलाला "मिळाली, आता तुम्ही जेवा" असं सांगितलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं की त्या यंत्रात त्यांच्याबद्दल आता काय लिहिणार. मी म्हटलं, "जिवंत". ते नाराज झाले. "एवढंच? जिवंत तर आमचा कोंबडाही आहे. पुढे लिही, आणि भूक चांगली." मी तिथेच, त्यांच्यासमोर, ती दुरुस्ती केली. मग त्यांनी तळहात उघडून मला लांबलचक आशीर्वाद दिला. त्यात पदवी, नवरा आणि घोडे आले; नवऱ्याच्या वेळी मी खिडकीबाहेर पाहिलं.

पाठवणी नीट पार पडली. नवरी गेली, व्याही खूष गेले, जाताना केन्झेबेक यांनी झौरेशबाईंना सांगितलं की जेवण उत्तम होतं आणि वडिलांना अशी करमणूक बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. प्रणालीत तो रकाना आता सर्व वयांना विचारला जातो, आणि विचारायची पद्धत बदलली आहे. "वडील हयात आहेत का" असं विचारायचं नाही. "वडिलांसाठी थाळा बांधून द्यायचा का" असं विचारायचं. एवढ्या दिवसांत एकानेही बशी उचलली नाही. उलट खूप जण वडिलांना काय आवडतं ते सांगत बसतात, आणि ज्यांचे वडील नाहीत तेही सांगतात. येसेनोव सरांना दाखवलं. सकाळ उलटून गेली होती, तरी हसले.

फक्त झौरेशबाई समितीसमोर बोलायला तयार नाहीत. त्या म्हणतात, यंत्र हुशार आहे आणि तूही बरी आहेस, पण मी खोटं बोलणार नाही. एक समारंभ पहिल्या थाळ्यापासून शेवटच्या थाळ्यापर्यंत बिनचूक होऊ दे, मग समितीसमोर काय, टीव्हीवर येऊन बोलते. हे न्याय्य आहे. आता अडचण अशी की शहरभर बातमी झाली आहे. नोंदणीला आलेलं प्रत्येक कुटुंब आधी विचारतं, "ती जिवंतांना मारणारी मुलगी इथेच ना?" आणि माहिती आनंदाने दिली तरी वाढायचं मात्र जुन्या पद्धतीनेच म्हणतं. मला मात्र ही प्रणाली चालेल याबद्दल शंका नाही. मी ती रोज रात्रीऐवजी आता सकाळी तपासते, झोप चांगली लागते, आणि सफरचंदाची झाडं फुलली आहेत, जे एरवी माझ्या लक्षात येत नाही.

मामींना आणि घोडीला (या वेळी क्रम बदलला आहे, कारण पत्र मामीही वाचतील) माझा नमस्कार सांगा.

तुमची भाची,
कामशात

ता. क. मे महिन्यात तुम्हाला साठ वर्षं पूर्ण होतात, आणि तुम्ही "मला कसलाही समारंभ नको" असं जाहीर केलं आहे, हे मला माहीत आहे. तुमच्या मताचा मी आदर करते. पण भाचीने मामाकडे तीनदा मागावं आणि मामाने तीनदा नाही म्हणू नये, हेही आपल्याकडे आहे. सात वर्षांची असताना मी शिंगरू मागितलं. सतरा वर्षांची असताना, बाबांना दंतवैद्यकाऐवजी या विषयासाठी राजी करा, असं मागितलं. हिशेबाने एक बाकी आहे. तुमची साठी झौरेशबाईंच्या हॉलमध्ये व्हावी.

आणखी एक. तुमच्या पाहुण्यांपैकी कोणाकोणाचे वडील हयात आहेत, हे मी नव्या पद्धतीने फोन करून विचारून घेतलं. सगळ्यांनी आनंदाने सांगितलं. त्यामुळे समारंभ आहे हेही सगळ्यांना कळलं. हे माझ्या लक्षात थोडं उशिरा आलं.

शेवटचं. हॉल चोवीस मेसाठी तुमच्या नावाने धरला आहे, आणि पाहुण्यांची नावं मामींनीच दिली. मामींनी मला बजावलं होतं की पत्र असं लिही, की वाचून झाल्यावर समारंभाची कल्पना मामांना स्वतःलाच सुचेल. मी प्रयत्न केला, पण तसं लिहिणं मला शिकवलेलं नाही. आमंत्रणं मंगळवारी निघतात. तोवर ती कल्पना तुम्हाला सुचली तर कृपया कळवा.